सांगलीची तार, साताऱ्याची पेटी

आवाज मोजायची प्रमाणं कुठंतरी जिनिव्हात ठरतात, असं आपण धरून चालतो. पण शंभरेक वर्षांपूर्वी तसा एक प्रयत्न आपल्या सांगली-साताऱ्यातही झाला होता.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींचं गणित त्यांना मोजून हवं होतं. गवयानं सूर लावायचा, तो तारेवर जुळवायचा आणि तारेची लांबी मोजायची. लांबी दोन-तृतीयांश झाली की षड्जाचा पंचम मिळतो. कंपनांचं गुणोत्तर ३:२. या कामी अब्दुल करीम खाँसाहेबांची त्यांना मदत झाली. १९१० साली देवलांचं इंग्रजी पुस्तक निघालं. साताऱ्याला न्यायाधीश राहिलेले ई. क्लेमेंट्स यांनी हा हिशेब पुढे नेला आणि विलायतेत श्रुतींची पेटी बनवून घेतली.

१९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ही पेटी मांडली गेली, पण तिला मान्यता मिळाली नाही. भातखंड्यांना ही श्रुतींची मांडणीच पटत नव्हती. म्हणजे बघा, आकडे होते, संमती नव्हती.

युरोपात काय झालं? फ्रान्सनं १८५९ मध्ये 'ए' हा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांवर बांधला. १९३९ च्या लंडन परिषदेत ४४० वर एकमत झालं, १९५५ मध्ये आयएसओनं तीच शिफारस केली. ४४० हा काही निसर्गाचा नियम नव्हे. बोलणी करून ठरलेला आकडा आहे तो.

आज गणपतीत पोलीस मीटर धरतात, त्यामागेही असाच करार आहे. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. मोजणी 'ए' वक्रानं. हा वक्र १९३० च्या दशकात अमेरिकेत हलक्या आवाजांवर घेतलेल्या श्रवण-चाचण्यांतून आला. तो ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करतो. डॉल्बीच्या भिंतीनं खिडक्या थरथरतात, छातीत धडधडतं, तो दणका नेमका याच पट्ट्यातला. मीटर खोटं बोलत नाही. जे मोजायचं ठरलं, तेवढंच मोजतं.

आयएसओचा मसुदा देशोदेशीच्या मानक संस्थांकडे मताला जातो. आपल्या वतीनं भारतीय मानक ब्युरो मत देतं. तेव्हा आपण आकडा पाळायचा, हे खरंच. पण तो ठरताना आपल्या गल्लीतला दणका कुणी मांडला का, हेही आपणच विचारायला हवं.