चांगले साल कोणाचे?

फ्रान्समधील बोर्दो प्रांतात एखाद्या वर्षी द्राक्षवेलींचा फुलोरा पावसाच्या तडाख्यातून सुटला, उन्हाळा कोरडा व उष्ण गेला आणि तोडणीपर्यंत घड निरोगी राहिले, की व्यापारी मंडळी एकमेकांना शुभवर्तमान कळवू लागतात : यंदाची तांबडी वाइन नामी होणार! पिंपातला रस अजून धड निवळलेलाही नसतो, पण त्या सालाचा बोलबाला सुरू होतो. १९४५, १९६१, १९८२ ही साले शौकीन लोकांना तोंडपाठ असतात. आपल्यापैकी पुष्कळांना मद्याचे वावडे आहे, आणि मद्याची महती गाण्याचा माझाही उद्देश नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की पीक चांगले आले म्हणजे ते कोणाला चांगले? या प्रश्नापायी फ्रान्सच्या दक्षिणेत, लांग्दोक प्रांतात, १९०७ साली रक्त सांडले आहे.

बोर्दोच्या नामांकित मळ्यांची प्रतवारी तेथील दलालांनी १८५५ सालीच, मुख्यतः बाजारभावाच्या आधाराने, लावून ठेवली होती. लांग्दोकचा थाट निराळा. तेथील सपाट जमिनीत आरामों नावाची भरघोस पिकणारी वेल लावीत. तिची हलकी तांबडी वाइन रेल्वेने उत्तरेकडे जाई आणि कामगाराच्या जेवणात भाकरीशेजारी बसे. सारा मुलूख या एका पिकावर जगत होता. जमीनदार, दोन-चार एकरांचा धनी, रोजंदारीचा मजूर, पिंपे बांधणारा कारागीर, गावचा वाणी, सर्वांची चूल त्यावरच पेटे.

१८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतून आलेली फिलोक्सेरा नावाची क्षुद्र कीड वेलींच्या मुळांना लागली. मोंपेलिएचे शास्त्रज्ञ प्लांशों यांनी १८६८ साली तिचा छडा लावला. परंतु तोवर मळेच्या मळे वाळू लागले होते. अखेर अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधण्याचा उपाय सापडला. तो खर्चाचा असल्याने अनेकांनी कर्ज काढून नवी लागवड केली. मधल्या टंचाईच्या काळात व्यापाऱ्यांना एक नवी विद्या साधली होती. मनुका भिजवून वाइन करावी, किंवा रस काढून उरलेल्या चोथ्यावर साखर व पाणी घालून पुन्हा आंबवावे. मळे सावरले, पण ही विद्या कोणी विसरले नाही. १९०३ साली साखरेवरील कर उतरला, तेव्हा तर तिला सुगीच आली.

याच सुमारास नव्या वेली भराला आल्या. १९०० साली फ्रान्सचे उत्पादन साडेसहा कोटी हेक्टोलिटरांच्या वर गेले. १९०४ साली पुन्हा तसेच झाले. अल्जीरियाची वाइन येत होती ती निराळीच. आभाळाने हात सैल सोडला आणि भाव कोसळला. लांग्दोकमध्ये हेक्टोलिटरला सहा-सात फ्रँक मिळेनात. नवा माल ठेवायला जागा हवी म्हणून जुना माल गटारात ओतण्याची पाळी आली. मजुरांनी १९०३ व १९०४ मध्ये संप करून थोडी मजुरी वाढवून घेतली होती. तीही मंदीत गेली.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए या खेड्यातील ८७ माणसे नार्बोन शहरी चौकशी समितीपुढे गाऱ्हाणे मांडण्यास पायी निघाली. त्यांचा पुढारी मार्सेलें आल्बेर हा छोटा मळेवाला असून कॉफीचे दुकान चालवी. मग दर रविवारी एकेका शहरी सभा भरू लागली आणि प्रत्येक सभा आधीच्या सभेहून मोठी होत गेली. ९ जूनला मोंपेलिए येथे पाच लाखांवर माणसे जमली असे सांगतात. नार्बोनचे समाजवादी नगराध्यक्ष डॉ. फेरूल यांनी नगरभवनावर काळे निशाण लावले, आणि शेकडो गावांच्या नगरपालिकांनी राजीनामे दिले. पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्य धाडले. १९ जूनला फेरूलना पकडले. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी नार्बोनमध्ये गोळ्या चालल्या. मेलेल्यांत बाजाराला आलेली वीस वर्षांची एक मुलगीही होती.

ही वार्ता आग्द येथे पोचताच सतराव्या पायदळ पलटणीतील सुमारे पाचशे शिपाई बिथरले. ते त्याच मुलखातले, मळेवाल्यांचीच पोरे. रातोरात चालत ते बेझिएला आले आणि बंदुकांचे दस्ते वर करून भर चौकात बसले. लोकांनी त्यांना भाकरी व वाइन दिली. समजूत घातल्यावर ते परतले. सरकारने त्यांना ट्युनिसियातील गाफ्सा येथे रवाना केले.

आल्बेर लपतछपत पॅरिसला क्लेमांसोंच्या भेटीस गेला. पंतप्रधानांनी त्याला परतीच्या भाड्यासाठी शंभर फ्रँकांची नोट दिली आणि ती हकीकत वार्ताहरांना सांगितली. झाले! काल ज्याला देव मानले त्याच्याकडे लोक संशयाने पाहू लागले. १९२१ साली तो गरिबीतच वारला. संघटनेचे काम करणाऱ्याने हा प्रसंग विसरू नये. पाच लाखांच्या वतीने बोलणाऱ्याने एकट्याने दरवाजाआड जाऊ नये. शुद्ध मनाने गेला तरीही.

तथापि चळवळ वाया गेली नाही. २९ जून १९०७ च्या कायद्याने प्रत्येकास आपले पीक जाहीर करणे भाग पडले, साखर घालण्यावर जादा कर बसला. सप्टेंबरात मळेवाल्यांचा महासंघ उभा राहिला, फेरूल त्याचे अध्यक्ष झाले, आणि त्याने भेसळ पकडण्यास आपली माणसे नेमली. १९३५ साली फ्रान्सने वाइनच्या मूळ गावाच्या नावाला कायद्याचे जे संरक्षण दिले, त्याच्या मागे या काळातील झगड्यांची पुण्याई आहे.

पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. भेसळवाला हा सर्वांना पटणारा शत्रू होता, म्हणून जमीनदार व मजूर एका निशाणाखाली उभे राहू शकले. वास्तविक भाव पाडण्यात भेसळीपेक्षा अतिउत्पादनाचा हात मोठा होता, आणि त्यावर कायद्यात फारसे औषध नव्हते. मजुरीचा प्रश्न तर बाजूलाच पडला. महासंघात बड्या मळेवाल्यांचे वजन भारी होते.

या सर्वांहून शांत असे एक उदाहरण बेझिएजवळच्या मारोसां गावी घडले. तेथील छोट्या मळेवाल्यांनी १९०१ साली सहकारी संस्था काढली. वाइन एकत्र करून ती पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक-संस्थांना थेट विकावयाची, मध्ये दलाल नको, अशी ही योजना. १९०५ साली त्यांनी सामाईक तळघर बांधले. जोरेस मुद्दाम ते पाहण्यास गेले होते. पिकवणाऱ्या आणि पिणाऱ्या कष्टकऱ्यांची गाठ तेथे पडली. ऊनपाऊस त्यांच्याही हाती नव्हता. पण आपला माल कोणाला व कोणत्या भावाने जाईल हे ठरवताना त्यांना आता एक मत होते. यंदाचे साल नामी, अशी बातमी आपण पुढे कधी वाचली, तर त्या सालाची तोडणी कोणी केली आणि त्यांच्या पदरात काय पडले, हेही अवश्य विचारावे.