शेरा आणि प्रत्याभरण

वैद्यकीय महाविद्यालयातला एक विद्यार्थी रुग्णाच्या हृदयाचे ठोके ऐकतो आहे अशी कल्पना करू. स्टेथोस्कोपची चकती तो भलत्याच जागी टेकवतो. ते पाहायला शिक्षक जवळ नाहीत. सत्र संपल्यावर त्याला शेरा मिळतो, 'समाधानकारक'. डॉक्टर झाल्यावर तो चकती कुठे टेकवेल? त्याच जागी! किंमत मात्र रुग्ण मोजेल.

शेऱ्याने चूक सुधारत नाही, तर कशाने सुधारते? याचे उत्तर वैद्यकाने यंत्रशास्त्राकडून घेतले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर विमानवेधी तोफांच्या नेमाचा अभ्यास करत होते. कृतीच्या परिणामाची माहिती यंत्रणेकडे परत आली, तरच पुढची कृती सुधारते, हा विचार त्यांनी १९४८ साली 'सायबरनेटिक्स' या पुस्तकात विस्ताराने मांडला. हेच 'फीडबॅक', म्हणजे प्रत्याभरण. आपल्या घरातल्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट याच तत्त्वावर चालतो.

१९८३ साली डॉ. जॅक एन्डे यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लेख लिहून हे तत्त्व डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला लावले. मूल्यमापन हा निवाडा असतो, तो शेवटी येतो. प्रत्याभरण ही माहिती असते आणि सुधारायला अवधी असतानाच ती द्यावी लागते. तीही स्वतः पाहिलेल्या, बदलता येण्याजोग्या कृतीबद्दल, व्यक्तीबद्दल नव्हे. मग हे घडत का नाही? विद्यार्थी दुखावेल म्हणून शिक्षक मोघम बोलतात, टीकेच्या धास्तीने विद्यार्थीही खोलात जात नाही आणि प्रत्याभरण विरून जाते, असे एन्डे यांचे निदान होते.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये डेव्हिड पेंडलटन आणि सहकाऱ्यांनी एक क्रम सुचवला. काय चांगले झाले ते आधी शिकणाऱ्याने सांगावे, मग पाहणाऱ्यांनी. काय बदलावे तेही याच क्रमाने. पुढे हा क्रम साचेबंद असल्याची टीका झाली, पण शिकणाऱ्याला बोलते करण्याची त्यातली कल्पना टिकली.

प्रत्याभरण नेहमी उपयोगीच पडते असेही नाही. १९९६ साली क्लूगर आणि डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी विविध क्षेत्रांतले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने कामगिरी सुधारली होती. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती घसरली होती! लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की परिणाम उणावतो, असे त्यांना आढळले.

वह्या तपासताना आपण 'छान' किंवा 'सुधारणा हवी' असे लिहितो. त्यातून मुलाला पुढच्या वेळी नेमके काय करायचे ते कळते का? कळत नसेल, तर तो नुसता शेरा झाला.