मंग काय व्हयनं?

तर झालं असं. मागच्या शनिवारी जेवण उरकून मी सोफ्यावर आडवा झालो होतो. आठवडाभर रिलीजची गडबड होती, त्यामुळे झोपेची थकबाकी डोंगराएवढी. तेवढ्यात आमची कन्या (वय वर्षे सात) हातात पुस्तक घेऊन आली. "बाबा, वाचून दाखव ना." मी डोळेसुद्धा न उघडता म्हणालो, "अगं, आता तुला येतं ना वाचायला? मग तूच वाच की."

ती काही बोलली नाही. पुस्तक टीपॉयवर ठेवलं आणि आईचा मोबाईल मागायला आत निघून गेली.

झोप उडाली ती उडालीच. कारण वाचायला येत असूनसुद्धा दहा वर्षांचा होईपर्यंत मी स्वतः एकटा, मनातल्या मनात असं काही वाचल्याचं मला आठवत नाही. आमच्या कळवणच्या घरात पुस्तक म्हणजे मोठ्याने वाचायची गोष्ट होती. आणि ती वाचायचो मी, ऐकायची आजी.

आमच्या तालुक्याला ऐकण्याचा वारसाही तसा मोठा आहे म्हणा. सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यात. गडावरच्या अठरा हातांच्या देवीची मान किंचित कललेली आहे. का? तर समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी बसून पुराण सांगायचे आणि देवी इकडून कान देऊन ऐकायची, अशी कथा लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली असते. महिषासुराला मारणारी देवी, पण मान वाकडी केली ती गोष्ट नीट ऐकू यावी म्हणून! मला ही कल्पना तेव्हाही आवडायची, आजही आवडते.

एखादा विषय डोक्यात शिरला की रात्री जालावर उत्खनन करायची वाईट खोड आहे मला. त्यात जे हाती लागलं आणि जे आधीपासून माहीत होतं, त्याची ही गोळाबेरीज.

मराठी घरात पुस्तक शिरलं ते मुलांसाठी नाही, आणि डोळ्यांसाठीही नाही. ते आलं पोथी म्हणून. श्रीधरस्वामींनी १७०२ ते १७१२ या काळात हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप लिहिले आणि पुढची दोनशे-अडीचशे वर्षं चातुर्मासात ओसरीवर तेच वाचले गेले. वाचणारा एक, ऐकणारे वीस. आणि वाचणारा पुष्कळदा घरातला शाळेत जाणारा पोरगा असायचा, कारण अक्षर ओळखणारा तेवढाच एक! पोरगा अडखळला की म्हाताऱ्या पुढची ओवी सांगायच्या. म्हणजे वाचता येत नसलेली माणसं वाचणाऱ्याच्या चुका काढायची. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड रिव्ह्यू. :)

मुलांसाठी म्हणून छापलेलं एक सुरुवातीचं पुस्तक आलं ते १८२८ मध्ये. सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांनी 'बाळमित्र' काढलं. मूळ लेखक बर्क्विन नावाचे फ्रेंच गृहस्थ. त्यांचं मूळ लेखन १७८२-८३ मध्ये दर महिन्याला एक भाग असं निघालं, आणि त्यात घरच्या मंडळींनी मिळून करायची छोटी छोटी नाटकंसुद्धा होती. ते इंग्रजीतून फिरून मराठीत आलं. त्याच वर्षी छत्र्यांची इसापनीतीही आली. गंमत बघा, मराठी बालसाहित्याची सुरुवातच परक्या गोष्टी आपल्या घरात आणण्यापासून झाली. पुढे भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न आणला तो याच वाटेने. फास्टर फेणे मात्र अस्सल आपला, थेट फुरसुंगीचा.

मधली मंडळी पटकन सांगतो. विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' १८८१ चं. वा. गो. आपट्यांचं 'आनंद' १९०६ चं. हे आपटे मूळचे खानदेशातल्या धरणगावचे, म्हणजे आमच्या शेजारचेच म्हणायला हरकत नाही. पण खरं सांगू? यातलं बरंचसं जुनं वाचताना मला जांभया येतात. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी बोध टपून बसलेला. मुलाने गोष्टीत जरा कुठे पाय टाकला की मागून कोणीतरी कान धरतंय असं वाटतं.

त्या पार्श्वभूमीवर साने गुरुजींनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ती प्रवचनं भराभर लिहून घेत. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, आमच्या नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. या पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतोय आणि ते ऐकताहेत, अशी सगळी मांडणी. बोध त्यातही आहे, भरपूर आहे. आणि रडूबाई पुस्तक म्हणून नाकं मुरडणारे मित्र मलाही आहेत. पण ते एकदा मोठ्याने वाचून पाहा. वाक्यं छोटी, सांगितल्यासारखी. ते कानासाठीच लिहिलंय. मूकपणे वाचणाऱ्याला त्यातलं अर्धंच मिळतं, असं माझं आपलं मत.

असो. आता आमच्या घराकडे येतो.

वडिलांचं कळवणच्या पेठेत किराणा दुकान. ऐंशीच्या दशकात प्लॅस्टिकच्या पिशव्या अजून सगळीकडे पोचल्या नव्हत्या. डाळ, साखर, शेंगदाणे सगळं कागदाच्या पुडीत जायचं, आणि त्यासाठी किलोवर रद्दी विकत घ्यायची. त्या रद्दीत कधीकधी 'चांदोबा' निघायचा. वडील तो बाजूला काढून ठेवत. पैसे मोजून मासिक घ्यावं असं त्यांना कधी वाटलं नाही, पण आलेला चांदोबा पुडीला वापरायचाही जीव व्हायचा नाही. 'किशोर' (बालभारतीने १४ नोव्हेंबर १९७१ ला सुरू केलेला) आमच्या शाळेत यायचा खरा, पण तो कुलूपबंद कपाटात सुरक्षित असायचा. आमच्यापासून सुरक्षित.

चांदोबाची गोष्ट अशी की तेलुगू-तमिळ 'चांदमामा' जुलै १९४७ मध्ये मद्रासला सुरू झाला आणि १९५२ मध्ये तो मराठीत आला. म्हणजे पुन्हा बाहेरून आलेलंच. रद्दीतले अंक अर्थातच कुठल्याही क्रमाने यायचे. क्रमशः कथेचा आधी सातवा भाग, मग तिसरा, आणि शेवटचा कधीच नाही. शिवाय वडिलांचं लक्ष जायच्या आत गडी दोन-चार पानं फाडून मोकळा व्हायचा. त्यामुळे राजकुमार गुहेत शिरला की पुढचं पान कोणाच्या तरी घरी हरभऱ्याच्या डाळीबरोबर गेलेलं असायचं.

आजीला अक्षर ओळख नव्हती. यात काही विशेष नाही. १९८१ च्या जनगणनेत देशभरातल्या बायकांमध्ये साक्षरता तीस टक्क्यांच्या आतच होती. रात्री दुकान बंद झालं की मी कंदिलाजवळ (वीज असायचीच असं नाही) वाचायला बसायचो. मी थांबलो की ती विचारायची, "मंग काय व्हयनं?" मी म्हणायचो, "आजी, पान नाही." तिला हे कारण अजिबात चालायचं नाही. पान नाही म्हणून गोष्ट कशी थांबेल? मग ती स्वतःच पुढचं सांगायला लागायची. तिचा राजकुमार गुहेतून थेट चणकापूरच्या धरणावर निघायचा, त्याला राक्षस भेटायचा तो आमच्या एका उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकासारखा दिसायचा. दुसऱ्या दिवशी मी वेगळा शेवट जुळवून आणायचो. त्यावर भांडणं व्हायची.

आणि वेताळ! मूळच्या गोष्टी पंचवीस. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात त्या आहेत. चांदोबाने नव्या गोष्टी घालून त्या काही दशकं ताणल्या. शंकर नावाच्या चित्रकाराचं ते चित्र आठवतं ना, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम? गोष्ट संपते आणि वेताळ प्रश्न विचारतो, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. आजी मला तिथे थांबवायची. आधी आम्ही उत्तर द्यायचं, मग विक्रमाने. तिचं आणि विक्रमाचं क्वचितच जुळायचं. "राजा शे, त्याले काय समजनार," म्हणून ती विषय संपवायची. छापलेल्या पुस्तकाशी असं भांडता येतं हे मी तिच्याकडून शिकलो, शाळेत तर ते कोणी सांगितलं नाही.

अमेरिकेत जिम ट्रेलीज नावाचा बाप माणूस होऊन गेला. त्याचं मुलांना वाचून दाखवण्यावरचं पुस्तक १९८२ मध्ये पेंग्विनने काढलं आणि घराघरात पोचलं. त्याचा एक मुद्दा मला फार पटतो. मूल जे वाचू शकतं त्यापेक्षा ऐकून समजू शकतं ते कितीतरी पुढचं असतं, आणि हे अंतर साधारण आठवीपर्यंत टिकतं. म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलाला "आता तूच वाच" म्हटलं की त्याला आपण मोठ्या गोष्टींतून उचलून पुन्हा 'कमल नमन कर' वर आणून सोडतो. मी शनिवारी नेमकं हेच केलं होतं.

पुस्तकं आज कमी नाहीत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेत २००९ पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या फिरताहेत. 'किशोर'चे पहिल्यापासूनचे अंक बालभारतीने जालावर फुकट ठेवलेत. ज्या अंकांसाठी आम्ही कपाटाच्या काचेला नाक लावून उभे राहायचो, ते आता टॅबवर उतरवून घेता येतात. मी ते उतरवून घेतलेतही. सगळे. एका फोल्डरमध्ये छान वर्षवार लावून ठेवलेत, आणि गेली दोन वर्षं तो फोल्डर उघडलेला नाही. कुलूप काय, कपाटालाच असतं असं नाही.

गणपतीत कळवणला गेलो होतो तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून चार-पाच चांदोबा उचलून आणले होते. रविवारी संध्याकाळी त्यातला एक काढला आणि न सांगता-सवरता हॉलमध्ये बसून मोठ्याने वाचायला लागलो. बायकोने एकदा वाकून पाहिलं. कन्या पाच मिनिटांनी आली, आधी दारात उभी, मग जवळ. गोष्ट रंगात आली आणि पान संपलं. पुढचं पान नाही.

"मग काय झालं?"

"माहीत नाही. आजोबांच्या दुकानात कोणीतरी पुडीला फाडलं असणार."

तिला हे पटलं नाही. तिने सरळ आजोबांना फोन लावला आणि पानाचा जाब विचारला. वडील आता ऐंशीच्या घरात, ऐकू थोडं कमी येतं. ते म्हणाले, "बाळा, असं नाही आठवणार. गोष्ट कुठपर्यंत आली ते आधी वाच बघू. जरा मोठ्याने."

तिने माझ्या हातातून चांदोबा घेतला, फोन स्पीकरवर टाकला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. जोडाक्षर आलं की थांबत होती. पलीकडून आवाज येत होता, "हं. मंग?"