ब्रेकव्हॅनमधली सायकल

दिवाळी अंकासाठी इतिहासावर काही लिहा, असे संपादकांनी म्हटले की आम्हा इतिहासाच्या मास्तरांची लेखणी आपोआप एखाद्या किल्ल्याच्या दिशेने चालू लागते. मीही आजवर तेच केले. यंदा मात्र सायकलीवर लिहितो आहे. तीही रस्त्यावर धावणारी सायकल नव्हे, तर रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये उभी राहून किंवा एसटीच्या टपावर आडवी पडून प्रवास करणारी. सायकलीने प्रवास करायचा तो करायचाच, पण सायकलीनेही आधी प्रवास करावा, ही गोष्ट आजच्या मुलांना विनोदी वाटते. आमच्या बेळगाव भागात तीन पिढ्या ही रीत होती, आणि तिच्यामागे या सीमेचा बराच इतिहास दडला आहे.

आधी साधा हिशेब पाहू. जुनी लोखंडी सायकल वजनाला वीस किलोच्या आसपास, गिअर नाही, ब्रेक रॉडचे. तासाला बारा-तेरा किलोमीटर म्हणजे खूप झाले. बेळगावहून लोंढा सुमारे पन्नास किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत दुपार व्हायची, पोटऱ्या भरून यायच्या आणि खरी बघण्यासारखी वाट, म्हणजे घाट, अजून पुढेच असायची. सुट्टी दोन दिवसांची. तेव्हा सायकल गाडीत घालून घाटमाथा गाठायचा, तिथून पेडल मारायला सुरुवात करायची आणि परत येताना कोकणातून किंवा गोव्यातून पुन्हा गाडी धरायची, हाच शहाणपणाचा मार्ग. दारापासून दारापर्यंत पाय मारले नाहीत तर ती सायकलसहल कसली, असे म्हणणारे सोवळे लोक तेव्हाही होते. त्यांना मी १९२३ साली मुंबईहून जगप्रवासाला निघालेल्या पारशी तरुणांची आठवण देत असे. सहा निघाले, त्यांतले तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. समुद्र त्यांनीही जहाजानेच ओलांडला!

आता रेल्वे. १८७६-७८ च्या दुष्काळाने दक्षिणेकडचा मुलूख होरपळून निघाला आणि धान्य हलवायला रूळ हवेत हे सरकारला पटले. १८८२ साली ‘सदर्न मराठा रेल्वे’ कंपनी उभी राहिली. नावात ‘मराठा’ आहे म्हणून आपल्याकडे काही जणांचा ऊर भरून येतो. पण इंग्रज या भागाला सदर्न मराठा कंट्री म्हणत, त्यावरून ते नाव आले, एवढेच. तिकडे १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला, आणि मुरगाव बंदरापासून घाट चढून येणारी लोहमार्गाची वाट १८८८ मध्ये कॅसलरॉकला येऊन इकडच्या मार्गाला मिळाली. हेतू बंदराचा होता, कापसाचा होता. माणसांच्या भेटीगाठींचा नव्हता. पण रूळ एकदा पडले की त्यांच्यावरून कोण जाईल हे घालणाऱ्याच्या हातात राहत नाही.

त्यांच्यावरून माझे आजोबा गेले. माझी आत्या गोव्यात सांग्याला दिलेली. आजोबांची इंग्लिश हर्क्युलिस होती. वर्षातून एकदा, भात कापणी आटोपली की ते बेळगाव स्टेशनवर सायकलीचे लगेज करीत. पावती घ्यायची, सायकलीला चिठ्ठी बांधायची, गाडी आली की गार्डाच्या डब्यात ती स्वतः चढवायची. उतरायचे सावर्डे स्टेशनवर, आणि तिथून सायकलीवर टांग टाकून सांगे. वाटेत जकात दोन ठिकाणी. अलीकडची कॅसलरॉकला, पलीकडची पोर्तुगीजांची कुळ्याला. वडील सांगत की कुळ्याचा अंमलदार फ्रेमवरचा नंबर वहीत उतरवून घेई. गेलेली सायकलच परत आली पाहिजे, विकून येता कामा नये.

या सायकलीची आणखी एक खूण होती. तेव्हा नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि दरवर्षी पत्र्याचा बिल्ला देई. नवा लावला की लोक जुना फेकून देत. आजोबा फेकत नसत. तारेत ओवून हँडलखाली टांगून ठेवीत. खडबडीत रस्त्यावर ते सगळे खुळखुळत. म्हातारा येतो आहे हे आत्याला वाडीच्या वळणावरच कळे म्हणतात.

१५ ऑगस्ट १९५५. पत्रादेवी, कॅसलरॉक अशा बाजूंनी सत्याग्रही गोव्यात शिरले, पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली. आगगाडीही बंद. पाठ्यपुस्तकात याला ‘आर्थिक नाकेबंदी’ असे दोन शब्द आहेत. मुलांना शिकवताना मी तिथे नेहमी थांबतो. नाकेबंदी योग्यच होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आजोबांच्याही नव्हती. ते स्वतः खादी वापरत. पण लेक पलीकडे होती. त्या वर्षी कापणीनंतर त्यांनी नेहमीप्रमाणे सायकलीचे लगेज केले, कॅसलरॉकपर्यंतचे. तिथे उतरले. जकात ठाण्यापाशी, चहाच्या दुकानात, रानातून कोणी ये-जा करणारे भेटते का, सांग्याकडची काही खबर मिळते का, याची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा गाडीत घालून परत. वडिलांनी एकदा विचारले, सायकल कशाला नेता, पुढे जायचेच नाही तर? आजोबा म्हणाले, सोडलेच तर पायी किती वेळ लागेल?

असे ते चार वर्षे गेले, ५५ ते ५८. ५९ साली तब्येतीमुळे जाता आले नाही. १९६० च्या पावसाळ्यात ते वारले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पुढे गाड्या सुरू झाल्या, आणि आत्या माहेरी आली ती वडील गेल्यानंतर.

ती सायकल घेऊन मी स्वतः गेलो १९८७ च्या दिवाळीच्या सुट्टीत. बी.ए.ला होतो, बरोबर वर्गातले दोघे मित्र. मीटरगेजची गाडी, देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी करीत निघाली. इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती आता कुठे लिहिलेली सापडणार नाही. सायकलसहलीचा आरंभ कुठून करावा हे नकाशा ठरवत नाही, गाडी किती वेळ थांबते यावर ते ठरते. लहान स्टेशनवर गाडी दोन मिनिटे थांबणार. तेवढ्यात मागच्या टोकापर्यंत धावायचे, गार्डाला पावती दाखवायची, इतरांच्या टोपल्यांखालून आपली सायकल ओढून काढायची. एकदा खानापूरला निघायच्या वेळेपर्यंत दारच उघडले नाही आणि आमची एक सायकल लोंढ्याला जाऊन आली. कॅसलरॉकला ही भीती नाही. पुढे कुळ्यापर्यंत सुमारे सव्वीस किलोमीटरचा घाट, सदतीसात एक असा उतार. म्हणून गाडी तिथे थांबते, ब्रेक तपासले जातात, जादा इंजिनांची जोडाजोड होते. सायकली सावकाश उतरवाव्यात, हवा भरावी, चहा घ्यावा. त्या दिवशीचा गार्ड हुबळीकडचा, कानडी बोलणारा. हँडलखालचे बिल्ले पाहून त्याने विचारले, हे दुकान कोणाचे? मी माझ्या मोडक्या कानडीत आजोबांची हकिगत सांगितली. त्याने सायकल स्वतः उचलून खाली दिली.

कॅसलरॉकहून रानातल्या रस्त्याने अनमोड, आणि मग घाट. रॉडचे ब्रेक उतारावर दोन मैलांत हरतात. रबर तापून जळका वास सुटला, तेव्हा अवघड वळणे आम्ही चालत उतरलो. मोले, कुळे, आणि पुढे सावर्ड्याकडे खाणींचा पट्टा. खनिजाचे ट्रक एकामागून एक. दिवेलागणीला सांग्याला पोचलो तेव्हा तिघेही पायापासून डोक्यापर्यंत लाल झालो होतो. आत्याने मला ओळखलेच नाही. पण वळणावर आवाज ऐकून ती आधीच अंगणात येऊन उभी होती. कंदील आणून तिने बिल्ल्यांची तार हातात घेतली आणि एकेक बिल्ला पुसून आकडे वाचू लागली. चोपन्न. पंचावन्न. पुढचे छप्पन्न ते साठ हे पाच बिल्ले तिने कधी पाहिलेले नव्हते. ते तिने वाचले नाहीत, नुसते पुसले. मग आम्हाला म्हणाली, विहिरीवर जाऊन अंग धुऊन या, पानं मांडते.

एसटीच्या टपाचा इतिहास याहून छोटा, पण आंबोलीला जायचे तर तिथे रेल्वे नाही, टपच. मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली, तेव्हा बेळगाव त्याच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही म्हैसूर राज्यात. महामंडळे वेगळी, कंडक्टर वेगळे, लगेजचे दर वेगळे, पण टपावरचे कॅरिअर आणि मागची शिडी दोन्हीकडे सारखी. सायकल आडवी टाकायची, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधायची आणि पेडल काढून पिशवीत ठेवायचे, नाहीतर शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यात घुसते. डाव्या पेडलला उलटी आटी असते हे मी त्या टपावर शिकलो, बोटे सोलून घेऊन. आंदोलन पेटले की सगळ्यात आधी बंद होते ती ही बस. १९८६ च्या जूनमध्ये कानडीसक्तीच्या वेळी तसेच झाले, आणि डिसेंबर २०२२ मध्येही. शिनोळीपाशी राज्य बदलते. त्या दिवसांत अलीकडे उतरून सायकलीने पलीकडे जाणारी शिक्षक मंडळी मी पाहिली आहेत. सायकलीला कोणी काळे फासत नाही.

नव्वदच्या दशकात मीटरगेज उखडले, ब्रॉडगेज आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि सावंतवाडीला मुंबईची गाडी आली. या सुधारणांना नावे ठेवायचे मला कारण नाही, मी त्या गाड्यांनीच हिंडतो. पण बसच्या टपावरचे कॅरिअर गेले, पोटात डिकी आली. वंदे भारत गाडीला सामानाचा डबाच नाही. २०२२ पासून गार्डाचे नावही ट्रेन मॅनेजर झाले.

२०२३ च्या डिसेंबरात शाळेची नववीतली चौदा मुलेमुली घेऊन मी त्याच वाटेने निघालो. खिडकीवर चौकशी केली, तर सायकली पार्सल म्हणून आधी द्याव्या लागतील आणि त्याच गाडीने पोचतील याची खात्री नाही असे उत्तर मिळाले. शेवटी टेम्पो ठरवला. टेम्पोवाल्याने दोनदा विचारले, सर, सांग्यापर्यंतच सोडतो की, मुलांना उन्हात कशाला? कॅसलरॉकला सायकली उतरवून हवा भरत असताना खालून गाडी आली. घाट चढून आलेली, मागे ढकलणारी इंजिने. पूर्वीसारखीच बराच वेळ थांबली. मुले फलाटावर धावली. मी सवयीने ब्रेकव्हॅनच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. एका मुलीने विचारले, सर, कोणी यायचे आहे का? मी म्हटले, नाही, आणि आम्ही अनमोडच्या रस्त्याला लागलो.