कोल्हापूरचा कॅमेरा आणि हातांतलें भिंग

गेल्या पावसाळ्यांत आमचा भाचा पन्हाळ्यावर प्रवासाचीं चलच्चित्रें घेण्यास गेला. एका हातानें कॅमेरा स्वतःकडे धरावयाचा, बोलत बोलत चालावयाचें आणि मागें गड दाखवावयाचा, असा त्याचा बेत. घरीं येऊन पाहतो तों चौकट चेहऱ्यानेंच भरलेली. तीन दरवाज्याची कमान नाहीं, तटबंदी नाहीं, आणि जें दिसतें तें सारें डोलत आहे! वर्षाची शिल्लक त्यानें या यंत्रांत घातली होती. "मामा, कॅमेराच वाईट निघाला," असें म्हणून तो तें विकावयास निघाला. कॅमेरा वाईट नव्हता. भिंग लांबचें होतें. त्याला थांबविण्यासाठीं मला आमच्या गांवची जुनी हकीकत काढावी लागली.

नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव पेंटर आणि नात्यानें त्यांचे भाऊ असलेले बाबूराव पेंटर यांना फाळक्यांच्या 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'नंतर चलच्चित्राचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा परवडेना, म्हणून त्यांनीं तो स्वतःच घडवावयास घेतला. 1916 सालीं आनंदराव वारले. काम अर्धवट राहिलें. पण दामल्यांच्या साहाय्यानें बाबूरावांनीं 1918 मध्यें तें तडीस नेलें, आणि हिंदुस्थानांत बनलेला पहिला चलच्चित्र कॅमेरा म्हणून त्या यंत्राचा लौकिक झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 सालीं पुण्यास झळकला.

त्या काळीं कॅमेरा चालावयाचा तो हातानें. मूठ सेकंदास दोन वेळां फिरवावयाची. प्रत्येक फेऱ्याला आठ चित्रें, म्हणजे सेकंदास सोळा. एक हात असा गुंतल्यावर यंत्र तिकाटण्यावर रोवल्यावांचून गत्यंतर नसे. प्रोशिन्स्की नांवाच्या पोलिश यंत्रज्ञानें 1910च्या सुमारास दाबलेल्या हवेवर चालणारा कॅमेरा काढला, तेव्हां कोठें हात मोकळा झाला. बाबूरावांचा 'सावकारी पाश' ज्या 1925 सालीं आला, त्याच सालीं अमेरिकेंत घड्याळासारखी किल्ली देऊन चालणारा 'आयमो' निघाला. तिकाटणें सुटलें, पण हाताचा कंप चित्रांत शिरला, आणि भिंगाची निवड ही चैन न राहतां गरज झाली.

मौज अशी कीं, मूकपटाची चौकट फिल्मवर सुमारें 25 मिलिमीटर रुंद असे, आणि आजच्या पुष्कळशा लहान कॅमेऱ्यांतली प्रकाशग्राही चकती 22 ते 24 मिलिमीटर रुंद असते. त्यामुळें जुना हिशेब आजहि जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. चकती 24 मिलिमीटरची धरा. हात लांब केला म्हणजे चेहरा भिंगापासून दोन फूट. 50 मिलिमीटरच्या भिंगांत तेथें एक फुटाची रुंदी मावते, 24च्या भिंगांत दोन फुटांची, 16च्यांत तीन फुटांची. भाच्याचें भिंग 50चें. गड दिसणार कोठून? शिवाय हात एक अंश हलला तर 50च्या भिंगांतली प्रतिमा 16च्या तिप्पट सरकते. डोलण्याचें बरेंचसें कारण हेंच.

मग 10चें कां नको? त्यांत सुमारें पांच फूट मावतात खरे. पण कडेची माणसें ताणलीं जातात, आणि आपण लहान दिसतों म्हणून कॅमेरा जवळ ओढला कीं नाक फुगतें. (हा दोष वस्तुतः भिंगाचा नव्हे, जवळिकीचा; पण दुकानदारापासून सारे भिंगालाच बोल लावतात.) माझें मत 16च्या बाजूचें. एक पोटनियम मात्र विसरूं नये. कंप घालविण्यासाठीं कॅमेरा चित्राच्या कडा कापतो. रुंदीचा पांचवा हिस्सा गेला कीं 16चें भिंग 20चें होऊन बसतें आणि तीन फुटांतले अडीचहि उरत नाहींत. चालत चित्रण करणाऱ्यानें हें गृहीत धरूनच भिंग घ्यावें. रंकाळ्यावर सायंकाळीं फिरणार असाल तर एफ 4 पेक्षां एफ 2.8चें पाहावें; उजेड दुप्पट मिळतो. वजनाकडे तर पाहावेंच, कारण तिकाटणें आतां आपला खांदा आहे.

भाच्यानें कॅमेरा विकला नाहीं. एका मित्राचें 16चें भिंग आठवडाभर मागून आणलें आणि पुन्हां पन्हाळा गांठला. या खेपेस कमान आली, तटहि आला. पावसाचा एक थेंब तेवढा भिंगावर शेवटपर्यंत बसून राहिला होता.