चाकांच्या खुर्चीची परीक्षा

युद्ध संपतें, पण त्यांत मोडलेल्या देहांचा प्रश्न संपत नाहीं. पहिल्या महायुद्धांतील अपंग सैनिकांस कामधंदा शिकविण्यासाठीं १९१७ सालीं क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली; पुढें ती पुण्याजवळ खडकीस आली. पाय गेलेल्यास हातांचा उद्योग मिळाला. परंतु मानेच्या मणक्यास इजा होऊन ज्याचे हातही लुळे पडले, त्यानें चाकांची खुर्ची ढकलावी कशी?

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडांतील अभियंता जॉर्ज क्लाइन यानें अशा सैनिकांसाठीं विजेवर चालणारी खुर्ची सिद्ध केली. लहानशा दांडीच्या हलक्या स्पर्शानें ती वळूं लागली. पण ती सुरक्षितपणें कोण चालवूं शकेल, हा नवा प्रश्न त्याबरोबरच आला.

आरंभीं हा निवाडा परीक्षकाची नजरच करी. खुर्ची दारांतून नेणें, उतारावर थांबविणें, हें पाहून तो मत देई. आतां खुर्चीवर बसविलेले संवेदक दांडीची हालचाल, बसणारे धक्के आणि अडथळ्यापासूनचें अंतर क्षणोक्षणीं टिपूं शकतात. वेग अधिक ठेवला होता, कीं दांडीच अवघड जागीं होती, याचा माग या नोंदींवरून लागतो. दोष मांडणीचा असेल, तर खुर्ची नाकारण्याऐवजीं मांडणी सुधारतां येते.

शिवाय रुग्णालयाची गुळगुळीत फरशी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील चढउताराची पायवाट नव्हे. परीक्षक तेथवर रोज जाऊं शकत नाहीं. संवेदक खुर्चीबरोबर जातात. कोणाची वाट न पाहतां घरांतून अंगणांत जाणें, हें ज्याचें सारें स्वातंत्र्य, त्याचा निकाल एका दिवसाच्या नजरेवर लागूं नये.