हर्ष दुबे : ६९ बळींनंतरची कसोटी

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीमच्या अलीकडे, जऊळका हे छोटे स्थानक लागते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील या गावाचे नाव क्रिकेटच्या बातम्यांत सहसा वाचायला मिळत नाही. तरीही क्रिकेटच्या कारभारात हे गाव विदर्भ क्रिकेट संघटनेच्या अकरा जिल्ह्यांच्या कार्यक्षेत्रात मोडते आणि येथील एखाद्या गुणी मुलाला मोठ्या क्रिकेटची वाट नागपूरमार्गेच धरावी लागते. त्या वाटेच्या टोकाला असलेल्या विदर्भाच्या संघाने २ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठा मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर तिसऱ्यांदा रणजी करंडक पटकावला. या मोसमातील स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हर्ष दुबे, अवघ्या बावीस वर्षांचा डावखुरा फिरकी गोलंदाज.

दहा सामन्यांत ६९ बळी, सरासरी १६.९८, सात वेळा डावात पाच वा अधिक बळी, आणि त्याबरोबर फलंदाजीत ४७६ धावा. रणजी स्पर्धेच्या एका मोसमात एवढे बळी तोवर कोणीही मिळवले नव्हते. साहजिकच त्याच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली. पण तरुण खेळाडूची क्षमता नेमकी कशावरून ठरवायची, हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही. उलट, अनेकदा आकड्यांपासूनच तो सुरू होतो.

विक्रमाचे वजन

दुबेच्या आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनच्या नावावर होता. २०१८-१९ च्या मोसमात त्याने आठ सामन्यांत ६८ बळी घेतले आणि दिल्लीच्या बिशनसिंग बेदी यांचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम मागे टाकला. हे तिघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. मात्र तिघांच्या आकड्यांचे वजन सारखे नाही. अमनचे बळी प्लेट गटातील होते. त्या मोसमात या गटात बहुतांशी नवे वा पुनरागमन करणारे संघ होते आणि त्यांतील अनेक फलंदाज प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये नवखे होते. बेदींच्या काळात मोसमातले सामने मोजके असत. दुबेला दहा सामने मिळाले, पण त्यांत बाद फेरीचे तीन सामने होते आणि समोर तमिळनाडू, मुंबई व केरळ असे तगडे संघ होते.

दुबेच्या आकड्यांनाही एक तळटीप जोडावी लागते. बाद फेरीचे हे तिन्ही सामने विदर्भाच्या घरच्या मैदानावर झाले. विदर्भातील काळ्या मातीची खेळपट्टी साधारणतः संथ असते, तिच्यावर चेंडू फार उसळत नाही आणि सामना पुढे सरकतो तसा तो खाली राहू लागतो. बोटांनी चेंडू वळवणाऱ्या गोलंदाजाला अशी खेळपट्टी मानवते. त्याने आपला टप्पा सोडला नाही, तर एक चेंडू वळतो, दुसरा सरळ जातो आणि फलंदाज पायचीत होतो किंवा जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हाती झेल देतो. यात गोलंदाजाचे श्रेय कमी होत नाही, कारण त्याच खेळपट्टीवर प्रतिस्पर्ध्यांचे फिरकी गोलंदाजही गोलंदाजी करत असतात. पण क्षमतेचे माप घेताना परिस्थितीचा वाटा वेगळा काढावाच लागतो.

एका रात्रीत घडलेला नाही

दुबेच्या प्रगतीची खरी खूण २०२४-२५ च्या मोसमाच्या वर्षभर आधी सापडते. मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर मुंबईविरुद्ध रणजीचा अंतिम सामना झाला. पहिल्या डावात विदर्भ १०५ धावांत गारद झाला आणि सामना तेथेच हातचा गेल्यासारखा वाटला. मुंबईच्या दुसऱ्या डावात दुबेने १४४ धावांत पाच बळी घेतले. विजयासाठी ५३८ धावांचे अशक्यप्राय आव्हान समोर असताना त्याने कर्णधार अक्षय वाडकरला साथ देत ६५ धावा केल्या. विदर्भ ३६८ धावांपर्यंत पोहोचला आणि १६९ धावांनी हरला. निकालाच्या तक्त्यात हा पराभव आहे. पण एकवीस वर्षांचा खेळाडू, परमुलखातील मैदान, हातातून निसटलेला सामना आणि तरीही दोन्ही भूमिकांत टिकून राहिलेली जिद्द, या गोष्टी निवड समितीने टिपून ठेवाव्यात अशाच होत्या.

त्यानंतरच्या मोसमात संघाची रचना बदलली. विदर्भाच्या पहिल्या दोन विजेतेपदांत मोलाचा वाटा असलेला आणि २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा बळी घेणारा आदित्य सरवटे केरळकडून खेळू लागला. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. एकाच शैलीचे दोन गोलंदाज एका संघात असले की धाकट्याच्या वाट्याला षटके कमी येतात. सरवटेच्या जाण्याने दुबेवर मुख्य गोलंदाजाची जबाबदारी आली. पुढे अंतिम सामन्यात हाच सरवटे केरळच्या बाजूने उभा ठाकला आणि त्याने ७९ धावांची चिवट खेळी केली. त्याच डावात दुबेने तीन बळी घेतले, केरळचा डाव ३४२ धावांत आटोपला आणि विदर्भाला ३७ धावांची निर्णायक आघाडी मिळाली. तरुण खेळाडूचा विकास केवळ त्याच्या मेहनतीवर ठरत नाही. योग्य वेळी जागा रिकामी होणे आणि ती भरायला खेळाडू तयार असणे, असे दोन्ही योग जुळावे लागतात.

डावखुऱ्या फिरकीची अरुंद वाट

अंतिम सामना संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ मार्च २०२५ रोजी, मुंबईत पद्माकर शिवलकर यांचे वयाच्या ८४ व्या वर्षी निधन झाले. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, सरासरी २० पेक्षाही कमी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूचे एका डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच बळी घेतले होते. एवढे असूनही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. हरियाणाचे राजिंदर गोयल यांची कथा याहून वेगळी नाही. रणजी स्पर्धेत सर्वाधिक, ६३७ बळी त्यांच्या नावावर आहेत, पण कसोटी एकही नाही. दोघांच्या आड आली ती बेदींची गुणवत्ता आणि एकाच शैलीचे दोन गोलंदाज संघात न घेण्याचा रिवाज.

दुबेचे मूल्यमापन करताना हा इतिहास विसरून चालत नाही. या शैलीत स्थानिक क्रिकेटमधले ढीगभर बळी हे पहिले पाऊल असते, दार उघडण्याची हमी नव्हे. हे दार पुढच्या पिढीत ज्यांनी उघडले, त्यांनी बहुधा दुसऱ्या कौशल्याचा आधार घेतला. रवींद्र जडेजाने डिसेंबर २०१२ मध्ये याच जामठा मैदानावर कसोटी पदार्पण केले, ते प्रथम श्रेणी क्रिकेटमधील तिसरे त्रिशतक झळकावून. अक्षर पटेल २०१४ मध्ये एकदिवसीय संघात आला, पण कसोटीसाठी त्याला २०२१ पर्यंत थांबावे लागले. त्याच्याही बाबतीत उपयुक्त फलंदाजीने पारडे जड केले. म्हणून दुबेच्या त्या मोसमातील ६९ बळींइतक्याच बारकाईने ४७६ धावांकडे पाहायला हवे.

वरच्या पायरीवर

वरच्या दर्जाचे क्रिकेट त्याला २०२५ मध्ये लागलीच खेळायला मिळाले. मे महिन्यात सनरायझर्स हैदराबादने जायबंदी खेळाडूच्या जागी त्याला आयपीएलच्या संघात घेतले. पाठोपाठ भारत अ संघाबरोबर तो इंग्लंडला गेला. कँटरबरीच्या सामन्यात दोन्ही संघांनी पहिल्या डावात साडेपाचशेहून अधिक धावा केल्या. अशा निर्जीव खेळपट्टीवर फिरकी गोलंदाजाला बळी मिळवणे दूरच, धावा रोखणेही कठीण जाते.

ऑक्टोबरमध्ये जामठ्याला परतल्यावर इराणी करंडकाच्या लढतीत त्याने शेष भारताच्या दुसऱ्या डावात चार बळी घेतले आणि विदर्भाने हा सामना ९३ धावांनी जिंकला. पुढच्याच महिन्यात बंगळुरूला दक्षिण आफ्रिका अ संघाविरुद्ध चित्र उलटे झाले. तेथे दुबेने दुसऱ्या डावात ८४ धावा केल्या आणि शतकवीर ध्रुव जुरेलला मोलाची साथ दिली. मात्र शेवटच्या डावात पाहुण्यांनी ४१७ धावांचे लक्ष्य पाच गडी राखून गाठले. चौथ्या डावात प्रतिस्पर्ध्याला रोखणे हे फिरकी गोलंदाजाचे परंपरेने मानलेले काम, आणि त्या दिवशी भारत अ संघाच्या एकाही गोलंदाजाला ते जमले नाही.

या दोन सामन्यांतच दुबेच्या मूल्यमापनाचे सार आहे. खेळपट्टीने साथ दिली तर तो सामना जिंकून देऊ शकतो, हे सिद्ध झाले आहे. फलंदाजी अपेक्षेपेक्षा वेगाने सुधारते आहे. प्रश्न उरतो तो खेळपट्टी मदत करत नसतानाच्या गोलंदाजीचा. तेथे केवळ अचूक टप्पा पुरत नाही. चेंडूला उंची देऊन तो अपेक्षेआधी खाली आणणे, वेगात कळणार नाही असा फरक करणे, यष्टीच्या दोन्ही बाजूंनी गोलंदाजी करत कोन बदलणे, ही आयुधे लागतात. ती वर्षानुवर्षांच्या गोलंदाजीतून येतात, आणि फिरकी गोलंदाज बहुधा पंचविशी-तिशीच्या दरम्यान बहरतो, हे त्यामागचे साधे कारण आहे.

घाईच्या निष्कर्षांचा धोका

तरुण खेळाडूबद्दल घाईने मत बनवण्याची खोड क्रिकेटपुरती नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मध्य फळीतला खेळाडू अष्टपैलू क्रिकेटपटूप्रमाणेच बचाव आणि चढाई अशी दोन्ही ओझी वाहतो. तेथे मॅट रोवेल या युवकाला २०१९ च्या निवडीत गोल्ड कोस्ट संघाने सर्वप्रथम उचलले. २०२० मध्ये पहिल्या चार सामन्यांतच त्याने देशभर नाव केले, पाचव्या सामन्यात त्याचा खांदा निखळला आणि २०२१ च्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला. तो आता पूर्वीसारखा राहिला नाही, असे म्हटले जाऊ लागले. २०२५ मध्ये त्याच रोवेलने त्या खेळातील सर्वोच्च वैयक्तिक मानाचे ब्राऊनलो पदक जिंकले. पहिल्या चार सामन्यांवरून बांधलेला अंदाज अपुरा होता आणि दुखापतींनंतरच्या वर्षांवरून काढलेला निष्कर्षही चुकला.

विदर्भाला हा धडा परका नाही. नागपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस चेंडूनेच खेळत होता. २०११ मध्ये तो भारताकडून कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला क्रिकेटपटू ठरला. अमरावतीचा जितेश शर्मा भारताच्या टी-ट्वेंटी संघात आला तो तिशीच्या तोंडावर, २०२३ मध्ये. चौदाव्या किंवा सोळाव्या वर्षी अंगकाठी, वेग आणि त्या दिवशीच्या धावा एवढेच पाहून निकाल लावला जातो, तेव्हा असे खेळाडू चाळणीतून गळण्याची शक्यता मोठी असते. मोठ्या शहरात दुसरी संधी लवकर मिळू शकते. जऊळक्यासारख्या गावातून निवड चाचणीला आलेल्या मुलाला ती पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही, कारण प्रवासाचा खर्च, शाळेची परीक्षा आणि घरची शेती या तिन्ही गोष्टी दरम्यान उभ्या असतात.

हर्ष दुबेला २०२५ च्या अखेरीपर्यंत भारताच्या वरिष्ठ संघातून खेळण्याची संधी मिळाली नव्हती. ती कधी मिळेल यापेक्षा, त्याला कोणत्या निकषांवर पारखले जाते हे विदर्भासाठी अधिक महत्त्वाचे आहे. बळी कोठे आणि कोणाविरुद्ध घेतले, संघ संकटात असताना फलंदाजी कशी केली, मार खाल्ल्यानंतरच्या षटकात चेंडू कोठे पडला, आणि गेल्या वर्षीच्या उणिवा यंदा किती कमी झाल्या, हे चार प्रश्न रणजी विजेत्याला जसे लागू पडतात, तसेच तालुक्याच्या मैदानावरील चौदा वर्षांच्या मुलालाही लागू पडतात. त्यांची उत्तरे एका दिवसाच्या चाचणीत मिळत नाहीत. त्यासाठी निवड करणाऱ्याने त्याच मैदानावर पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते.